पहाटेचा हंडा आणि पाठीचा कणा

आमच्या वस्तीत पाणी पहाटे साडेचारला येते आणि सहाच्या आत जाते. त्यामुळे दिवसातले सगळ्यात जड काम बायका डोळे पुरते उघडण्याआधीच करून टाकतात. मागच्या हिवाळ्यात शेजारच्या मावशी अशाच नळावर गेल्या, वाकून भरलेला हंडा उचलला आणि तिथेच अडकल्या. सरळ होता येईना, खाली बसताही येईना. दोघींनी धरून घरी आणले.

घरात सल्ल्यांची रांग लागली. एक म्हणाली, उसण भरली आहे, कोणी पायाळू माणूस बघा आणि पाठीला पाय लावून घ्या. दुसऱ्याने मेडिकलमधून गोळ्या आणल्या. एका दवाखान्यात 'गादी सरकली' असे सांगून महिनाभर झोपून राहायला सांगितले. मावशी चार घरची धुणीभांडी करतात. महिनाभर पडून राहिल्या तर चारही घरे हातची जातील, हे त्या दवाखान्याला कोण सांगणार?

मी फिजिओथेरपीचे काम करते, म्हणून मावशींनी मला हाक मारली. त्यांचा प्रश्न असा होता : "पोरी, हाच हंडा मी तीस वर्षं उचलते. मग त्या दिवशीच काय झालं?"

प्रश्न बिनतोड होता. त्याचे निम्मे उत्तर हंड्यात आहे आणि निम्मे पहाटेच्या वेळेत.

आपल्या पाठीच्या कण्यात जन्मतः ३३ मणके असतात. मोठेपणी खालचे ९ एकमेकांना जुळतात आणि वरचे २४ सुटे राहतात. या सुट्या मणक्यांच्या मधे गाद्या असतात. गादी म्हणजे बाहेरून चिवट धाग्यांचे कडे आणि आत पाणी धरून ठेवणारा मऊ गर. या गादीच्या आतपर्यंत रक्तवाहिन्या जात नाहीत. तिचे पोषण स्पंजसारखे होते. दाब आला की पाणी बाहेर, दाब हटला की आत. दिवसभर आपण उभे-बसलेले असतो तेव्हा गादी हळूहळू दबते. रात्री आडवे झालो की ती पाणी शोषून फुगते. म्हणूनच सकाळी उठल्यावर माणूस संध्याकाळपेक्षा साधारण एक ते दोन सेंटिमीटर उंच असतो. खोटे वाटत असेल तर घरातल्या पोराला उठल्या उठल्या भिंतीला उभे करून पेन्सिलने खूण करा आणि रात्री झोपताना पुन्हा मोजा. पोरांना हा प्रयोग फार आवडतो.

फुगलेली गादी ताठ असते. अशा वेळी कमरेतून वाकले की तिच्यावर आणि मणक्यांच्या बंधांवर दुपारपेक्षा कितीतरी जास्त ताण येतो. उठून हिंडू-फिरू लागलो की पहिल्या तासाभरातच हा फुगवटा बराच उतरतो. अमेरिकेत १९९८ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. जुनाट कंबरदुखीच्या लोकांना त्यात सकाळी उठल्यानंतर पहिले काही तास कमरेतून वाकणे टाळायला शिकवले होते. तेवढ्यानेच त्यांचे दुखणे कमी झाले.

आता आपला नळ आठवा. साडेचारला उठायचे, पाच मिनिटांत नळावर, आणि पहिलेच काम वाकून पंधरा लिटर उचलणे. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. पंधरा लिटरचा हंडा भांड्याच्या वजनासकट सोळा-सतरा किलोच्या घरात जातो. असे सहा-सात हंडे. मावशींची पाठ तीस वर्षे टिकली, याचेच खरे तर नवल करायला हवे.

पाण्याची वेळ आपल्या हातात नाही. (ती बदलून घेण्यासाठी वॉर्डात अर्ज द्यायला हरकत नाही, पण तोवर पाठ सांभाळायची आहे.) मग काय करता येईल? एक म्हणजे, उठल्यावर लगेच वाकू नका. आधी तोंड धुणे, गल्लीत दोन चकरा, रांगेत उभे असताना जागच्या जागी पाय उचलणे, एवढे करा. दुसरे म्हणजे पहिल्या खेपा लहान भांड्यांच्या ठेवा. कळशी, बादली, पाच लिटरचा कॅन आधी आणि हंडा शेवटी. पण सगळ्यात मोठा फरक पडतो तो भांड्याच्या उंचीने. नळाखाली चार विटा रचून त्यावर हंडा ठेवा. हंडा जमिनीवरून उचलणे आणि गुडघ्याच्या उंचीवरून उचलणे, यात पाठीच्या दृष्टीने जमीन-अस्मानाचा फरक आहे.

हा फरक मोजलेला आहे. जर्मनीतल्या उल्म शहरात १९९९ साली संशोधकांनी एका निरोगी माणसाच्या कमरेच्या गादीत बारीक दाबमापक बसवला आणि दिवसभराची कामे करायला लावली. नुसते उभे असताना जेवढा दाब होता, त्याच्या साडेचार पटींहून जास्त दाब पाठ गोल करून सुमारे २० किलोचे ओझे उचलताना आला. गुडघे वाकवून तेच ओझे उचलले तर सव्वातीन-साडेतीन पट. उचललेले ओझे अंगालगत धरून उभे राहिले तर जेमतेम दुप्पट. प्रयोग एकाच माणसावरचा होता हे खरे, पण कोणता दाब कुठे वाढतो याची दिशा त्यातून स्वच्छ कळते. ओझे अंगापासून जितके लांब, तितके ते पाठीला जड.

तेव्हा हंड्याच्या अगदी जवळ जा, एक पाय थोडा पुढे ठेवा, गुडघ्यात वाका, हंडा पोटाशी घ्या आणि मांड्यांच्या जोरावर उठा. वळायचे असेल तेव्हा पाय वळवा. हातात भरलेला हंडा आणि कमरेतून पीळ, ही उसण भरण्याची सगळ्यात नेमकी कृती आहे. कडेवर हंडा घेणाऱ्यांनी प्रत्येक खेपेला बाजू बदलावी. दोन हातांत दोन लहान कळश्या घेणे त्याहून चांगले, कारण वजन दोन्हीकडे सारखे राहते. डोक्यावर घेणार असाल तर चुंबळ जाड करा, नजर समोर ठेवा, आणि हंडा चढवायला-उतरवायला दुसरीची मदत घ्या. दुखापत बहुतेक वेळा चालताना होत नाही, चढवताना-उतरवताना होते.

आणि एक गोष्ट लिहितेच. आमच्या नळावर पहाटे वीस-पंचवीस जण असतात. त्यात पुरुष मोजायला एका हाताची बोटे पुरतात. गुडघे कसे वाकवावे हे मी बायकांना कितीही शिकवले तरी सहा हंड्यांतले तीन घरातल्या तरण्या पोराने आणले, तर पाठीला जो आराम मिळेल तो माझ्या कोणत्याही व्यायामाने मिळणार नाही.

पाण्यानंतर मोरी. उकिडवे बसून तासभर भांडी घासणे गुडघ्यांना आणि कमरेला दोन्हीकडून मारते. वीतभर उंचीचा पाट किंवा प्लास्टिकचे स्टूल घ्या, आणि भांड्यांचे घमेलेही विटांवर ठेवा. दुसऱ्यांच्या घरी काम करणाऱ्या भगिनींना ओट्याजवळ उभे राहून भांडी करता आली तर उत्तम. एक पाय खालच्या फळीवर किंवा विटेवर टेकवा आणि थोड्या वेळाने पाय बदला. फरशी हाताने पुसायला लावतात तिथे दांड्याचा पोछा मागा. मागायला संकोच वाटतो, मला ठाऊक आहे. "हाताने पुसल्याशिवाय स्वच्छ होत नाही" हे उत्तरही ठाऊक आहे. पण ज्या मालकीणबाई असे म्हणतात त्यांनी एकदा स्वतः दोन खोल्या पुसून पाहाव्यात.

अवजाराचा विषय निघालाच आहे तर थोडे सविस्तर सांगते, कारण 'ताठ बसा, सरळ उभे राहा' एवढाच उपदेश करून आरोग्याचे लेख संपतात, आणि माणूस का वाकला हे कोणी विचारत नाही. अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या शेतांवर मजुरांना जेमतेम दोन फुटी दांड्याचे खुरपे देत. स्पॅनिश बोलणारे मजूर त्याला 'एल कोर्तितो', म्हणजे 'आखूडे' म्हणत. त्याने काम करायचे तर दिवसभर कमरेत दुमडून चालावे लागे. मालकांचे म्हणणे होते की लांब दांड्याने पिकाची नासाडी होते. आतली गोष्ट वेगळी होती. मजूर जरा विसाव्याला सरळ उभा राहिला की मुकादमाला तो लांबून दिसे. अनेकांच्या पाठी तरुणपणीच कायमच्या गेल्या. शेतमजुरांचे नेते सीझर चावेझ यांनाही या कामाने पाठदुखी जडली होती. मजुरांच्या बाजूने वकील उभे राहिले, डॉक्टरांनी साक्षी दिल्या, आणि १९७५ साली त्या राज्यात आखूड दांड्यावर बंदी आली. त्यानंतरही शेती चाललीच.

आता आपल्या घरातला झाडू पाहा. त्याची मूठ हातभर. तो मारताना पाठ जमिनीला समांतर होते. सफाईच्या कामावर असलेल्या आपल्या बंधू-भगिनींच्या हातातला खराटाही पुष्कळदा असाच आखूड असतो, आणि त्यांना तर तासन् तास रस्ता झाडायचा असतो. उपाय चार हात बांबूएवढा स्वस्त आहे. खराट्याला असा दांडा बांधा की उभे राहून, कोपर अंगाजवळ ठेवून झाडता येईल. वरचा हात साधारण छातीच्या उंचीवर आला की लांबी बरोबर. कंत्राटदार दांडे देत नसेल तर ती मागणी एकट्याने न करता सगळ्यांनी मिळून, युनियन असेल तर युनियनमार्फत लेखी करावी. हातमोजे-गमबुटाच्या यादीत दांडाही लिहा.

नाक्यावर उभ्या राहणाऱ्या आणि मालधक्क्यावर काम करणाऱ्या भावांसाठी सांगणे थोडके आहे, पण मोलाचे आहे. सिमेंटची गोणी ५० किलोची असते. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९६७ सालीच सांगितले आहे की पुरुष कामगाराने वाहायच्या ओझ्याची मर्यादा ५५ किलोहून जास्त असेल तर ती लवकरात लवकर खाली आणावी. म्हणजे आपली रोजची गोणी त्या काठावरच आहे. ती दोघांनी उचलून तिसऱ्याच्या पाठीवर द्यावी. पैज लावून दोन गोण्या उचलणारा जवान मी पाहिला आहे, आणि दहा वर्षांनी तोच माझ्याकडे काठी टेकत आला, तेही पाहिले आहे. रिक्षावाल्या बंधूंनी मागच्या खिशातले पाकीट काढून पुढे ठेवावे. एका कुल्ल्याखाली जाड पाकीट ठेवून दहा तास बसले की कंबर तिरकी राहते आणि पायात कळ उतरू लागते. वॉचमनच्या नोकरीत बारा-बारा तास उभे राहावे लागते. त्यांनी एक वीट जवळ ठेवावी आणि पाळीपाळीने एकेक पाय तिच्यावर टेकवावा.

पोरांचे वेगळेच. आमच्या चौकात बाबासाहेबांचा पुतळा आहे, ताठ मान, नजर दूरवर. त्याच्याच चौथऱ्यावर संध्याकाळी आठ-दहा मुले बसलेली असतात आणि आठही माना हनुवटी छातीला टेकेपर्यंत मोबाईलात गेलेल्या असतात. माणसाचे डोके साधारण साडेचार ते पाच किलोचे. मान सरळ असली तर हे वजन मणके पेलतात, खाली घातली की सगळा भार मानेच्या मागच्या स्नायूंवर लोंबकळतो. मोबाईल डोळ्यांच्या उंचीला आणा, कोपराखाली उशी किंवा दप्तर घ्या. अभ्यासाला टेबल नसेल तर पाटावर पुस्तक तिरके उभे करा. ट्रंकेवर वही ठेवून लिहिणारी मुलेही वाकडी होत नाहीत. आणि शाळेच्या दप्तराबद्दल : केंद्र सरकारच्या २०२० च्या धोरणानुसार ते मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांपेक्षा जड असू नये. पंचवीस किलोच्या पोराला अडीच किलो. वाण्याकडच्या काट्यावर एकदा दप्तर ठेवून बघा आणि आकडा घेऊन शाळेत जा.

विहारात वंदनेला, ध्यानाला बसताना अनेकांची पाठ दहा मिनिटांत गोल होते. त्याचे कारण मांडी घातल्यावर गुडघे वर आणि बैठक खाली राहते. बैठकीखाली चादरीची जाड घडी किंवा उशी घ्या. कंबर गुडघ्यांपेक्षा चार बोटे वर गेली की पाठ आपोआप उभी राहते, ताणून धरावी लागत नाही. ज्या आजींना गुडघ्यांमुळे खाली बसता येत नाही त्यांच्यासाठी भिंतीकडे चार खुर्च्या ठेवाव्यात, त्यात कसलाही कमीपणा नाही. सतिपट्ठान सुत्तात चालताना, उभे असताना, बसलेले असताना आणि पडलेले असताना, चारही वेळी शरीराची जाण ठेवायला सांगितले आहे. पालीत त्या चार अवस्थांना इरियापथ म्हणतात. माझ्या धंद्याच्या कामाला हे नेमके लागू पडते, कारण एकच एक 'बरोबर' बैठक अशी नसतेच. लष्करी ताठपणाने तासभर बसलेला माणूसही दुखत उठतो. अर्ध्या तासाने जागा बदलणे, उठून चार पावले टाकणे हे ताठ बसण्यापेक्षा जास्त कामाचे. पापड लाटणे, मणी ओवणे, शिलाई अशी घरबसल्या कामे करणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावे. शिलाई मशीनचे स्टूल इतके उंच हवे की कापड पाहायला मान खाली घालावी लागू नये.

झोपेबद्दल एक गैरसमज काढायला हवा. 'पाठ दुखते, कडक जमिनीवर झोप' असे सर्रास सांगतात. स्पेनमध्ये ३१३ पाठदुखीच्या माणसांवर झालेल्या आणि २००३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात कडक गादीपेक्षा मध्यम कडक गादीवर झोपणाऱ्यांना जास्त आराम पडला. महागड्या गादीची गरज नाही. खाली सतरंजी आणि वर दोन गोधड्या किंवा जाड वाकळ पुरते. कुशीवर झोपलात तर गुडघ्यांच्या मधे उशी किंवा गुंडाळलेली चादर ठेवा, उताणे झोपलात तर तीच गुडघ्यांखाली. सकाळी उठताना सरळ उठून बसू नका. कुशीवर वळा, पाय खाली घ्या आणि हाताच्या आधाराने उठा.

व्यायाम तीनच सांगते. वाकून केलेले कोणतेही काम संपले की उभे राहून दोन्ही तळवे कमरेवर ठेवा आणि हळू मागे वाका, पाच-सहा वेळा. झाडू मारून झाला की, भांडी झाली की, गोणी उतरली की. दुसरा, उताणे झोपून गुडघे दुमडा, पाय जमिनीवर, आणि कंबर वर उचलून पाच अंक मोजेपर्यंत धरा. असे दहा वेळा. तिसरा मानेचा : भिंतीला पाठ लावून उभे राहा, टाचा भिंतीपासून चार बोटे पुढे, कुल्ले आणि खांदे टेकलेले. आता हनुवटी खाली न घालता डोके मागे सरकवून भिंतीला लावा. ज्यांचे डोके भिंतीपर्यंत पोचत नाही त्यांनी जबरदस्ती करू नये, रोज थोडे थोडे सरकेल. कोणत्याही व्यायामात कळ पायात उतरू लागली तर तो थांबवा.

मावशींना मी महिनाभर झोपू दिले नाही. दोन दिवस जपून, मग घरातल्या घरात चालणे, आठवड्याने हलकी कामे. साध्या उसणीत अंथरुणाला खिळून राहिल्याने स्नायू कमजोर होतात आणि दुखणे लांबते. पायाळूचा पाय लावून घेऊ नका. माणूस पायांकडून जन्मला म्हणून त्याच्या लाथेत औषध येत नाही, आणि दुखऱ्या मणक्यावर लाथ बसली तर नवीन दुखणे मात्र येते. वेदनेच्या गोळ्या मनाने रोज घेतल्या तर पोटात व्रण होतात, मूत्रपिंडे बिघडतात. रक्तदाब-मधुमेह असलेल्यांना जास्तच. आणि एमआरआयवर 'गादी झिजली' असे लिहून आले म्हणून घाबरून कर्ज काढू नका. २०१५ च्या एका मोठ्या आढाव्यात, काहीच दुखत नसलेल्या विशीच्या लोकांपैकी ३७ टक्क्यांच्या आणि ऐंशीच्या लोकांपैकी ९६ टक्क्यांच्या तपासण्यांत झिजलेली गादी दिसली होती. ती केसांसारखी वयाने पिकते.

पण काही खुणा दिसल्या तर व्यायाम, तेल, शेक सगळे बाजूला ठेवून मोठ्या सरकारी रुग्णालयात जा. जांघेत, बसण्याच्या जागी बधिरपणा आला, लघवी अडली किंवा लघवी-शौचावरचा ताबा सुटला, पायातली ताकद जाऊ लागली, तर त्याच दिवशी, रात्र असली तरी. पाठदुखीबरोबर संध्याकाळचा ताप, वजन घटणे, रात्री झोपमोड करणारी कळ असेल तर मणक्याचा क्षयरोग असू शकतो. क्षय फक्त फुप्फुसाचाच असतो असे आपल्याकडे अजून समजतात. वेळेत कळला तर तो बरा होतो आणि त्याचे औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. म्हाताऱ्या माणसांना साध्या पडण्यानंतर पाठ दुखू लागली किंवा एकाएकी कुबड आले, तर हाडे ठिसूळ होऊन मणका दबलेला असू शकतो. पूर्वी कर्करोग झालेल्यांनीही नव्या पाठदुखीची वाट पाहत बसू नये.

मावशी आता पुन्हा चारही घरी जातात. नळाखाली विटा त्यांनीच रचल्या. पहिल्या आठवड्यात त्या कोणीतरी चुलीसाठी पळवल्या, तेव्हा मावशींच्या धाकट्याने सिमेंट आणून तिथे पक्का कट्टाच घातला. सध्या भांडण असे चालू आहे की कट्ट्यावर पहिला हंडा कोणाचा, आणि पहाटे साडेचारला ते आमच्या घरापर्यंत ऐकू येते.